इम्प्लांटवर काम करायला दंतवैद्यच व्हावं लागतं का?

धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात असताना तू विचारतेस, की टायटॅनियमच्या डेंटल इम्प्लांटवर, म्हणजे पडलेल्या दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवतात त्या खुंटावर संशोधन करायचं, तर दंतवैद्यकाची पदवी नसल्यामुळे वाट बंद आहे का?

मुळीच नाही. रुग्णाच्या तोंडात इम्प्लांट बसवणं हे दंतवैद्याचं काम, तिथे पर्याय नाही. पण हाड त्या धातूला किती लवकर धरतं, हा बराचसा पृष्ठभागाचा प्रश्न आहे, म्हणजे तुझ्याच विषयाचा.

स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत. त्यांवर कृत्रिम दात चढवण्याआधी कित्येक महिने थांबावं लागे. पुढे कठीण कणांचा मारा करून मग आम्लाने कोरलेले पृष्ठभाग आले. अशा खडबडीत पृष्ठभागाला रक्ताची गुठळी घट्ट धरते आणि पेशी थेट धातूवरच हाड रचू लागतात. थांबण्याचा काळ काही आठवड्यांवर आला. मात्र जितकं खडबडीत तितकं चांगलं, असं नाही. साधारण १ ते २ मायक्रोमीटर सरासरी खडबडीतपणा हाडाला मानवतो. त्यापुढे फारसा लाभ नाही, आणि असा भाग हिरडीबाहेर उघडा पडला तर जिवाणूंचं फावतं. हायड्रॉक्सीअपेटाइटचे (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचे) जाड लेपही एकेकाळी गाजले, पण काही वेळा लेपच धातूपासून सुटायचा. आणखी एक गंमत: नुकताच कोरलेला टायटॅनियम पाणी ओढून घेतो, पण हवेतले कार्बनी अंश चिकटले की तोच पाणी झटकू लागतो. म्हणून काही इम्प्लांट मिठाच्या द्रावात (सलाइनमध्ये) बुडवून विकले जातात.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच गमतीवर कर. टायटॅनियमच्या चकत्या आम्लाने कोर, निम्म्या हवेत आणि निम्म्या तशाच द्रावात ठेव आणि ठरावीक दिवसांनी त्यांचा स्पर्शकोन, म्हणजे पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन, मोज. आम्ल हाताळताना मार्गदर्शक शेजारी हवाच. जमल्यास जीवशास्त्र विभागाला त्याच चकत्यांवर हाडाच्या पेशी वाढवून बघायला सांग.

पुढे बायोमटेरियल्समध्ये (शरीरात वापरायच्या पदार्थांच्या शास्त्रात) पदव्युत्तर शिक्षण घे. पेशीजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र मात्र आत्तापासूनच वाच. अभियांत्रिकीची मुलं तिथेच अडखळतात. लगेच नोकरी हवी असेल तर इम्प्लांट कंपनीतल्या गुणवत्ता किंवा नियामक विभागाला नाक मुरडू नकोस. आयएसओ १४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची थकवा-चाचणी (पुन्हापुन्हा भार देऊन इम्प्लांट किती टिकतो ते बघणं) आणि आयएसओ १०९९३ ची जैविक तपासणी (पदार्थ शरीराला अपाय करत नाही ना, ते बघणं) तिथे रोजच्या कामातून कळते. मला तरी संशोधनात शिरायचा तो चांगला दरवाजा वाटतो.