कूलरखालची गाडी आणि 62 हजारांचं एस्टिमेट

नागपूरच्या अंबाझरी लेआउटमधल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "आमची पेट्रोल हॅचबॅक ऑक्टोबर 2011 ची, 1 लाख 58 हजार किलोमीटर चाललेली. इंजिन छान आहे. पण टपावर, बॉनेटवर गंजाचे डाग पडलेत आणि दारांच्या खालच्या कडेला फोड आलेत. वर्कशॉपने 62 हजारांचं एस्टिमेट दिलं. चौकातला डेंटर 9 हजारांत करून देतो म्हणतो. विकली तर एजंट 95 हजार देतोय. की एफडी मोडून दीड लाख भरावे आणि साडेसहा लाखांची नवीच घ्यावी? फिरणं वर्षाला जेमतेम 6 हजार किलोमीटर. शहरात, आणि महिन्यातून एकदा वर्ध्याला."

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा गाडी पोर्चमध्येच होती आणि आत मॅट बुडेल इतकं पाणी शिरलं होतं. "नंतर धुवून घेतली" असंही लिहिलंय. माझ्या लेखी तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तेच आहे.

आधी टपाचं बघू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाडीच्या बरोबर वर खिडकीतला कूलर दिसतो. होळी झाली की तो सुरू होतो, थेट पाऊस पडेपर्यंत, आणि तितके महिने थेंब थेंब टपावर गळतो. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, रोज थोडे थोडे वाढतात. तुमच्या डागांभोवती जी पांढरट कड दिसते ती त्याचीच. इथे समुद्र नाही म्हणून गाड्या गंजत नाहीत, असं आपण नागपूरकर मोठ्या ऐटीत सांगतो. कूलरचा हिशोब कोणी धरत नाही.

हा गंज डोळ्यांत खुपतो, पण वरवरचा आहे. 80 नंबरचा पॉलिश पेपर मारून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, रस्ट कन्व्हर्टर (उरलासुरला गंज थांबवणारं रसायन) लावायचा, वर प्रायमर आणि टच-अपचा रंग. हजार-दीड हजारांचं सामान आणि एक रविवार. रंग जुळणार नाही, ठिपके दिसतील. दिसू द्या.

आता फ्लोअर. गाडीत पाणी शिरतं तेव्हा गालिच्याखालचा फोम ते पिऊन बसतो. वरून हात लावला तर कोरडं, खाली महिनोनमहिने ओल. सीट आणि गालिचा काढून वाळवला नसेल, तर पत्रा आतून सडायला लागतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग खालून उचलला जातो. दारांच्या कडेचे फोड तेच सांगतायत. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, पुराच्या गाळाने ती बुजली असणार. एक तार घालून आजच मोकळी करा, याला पैसे लागत नाहीत.

म्हणून कोणालाही कामाचा होकार देण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या आणि स्वतः खाली उभ्या राहा. मेकॅनिकला सांगा, पेचकसच्या मुठीने रनिंग बोर्डवर (दारांखालची पत्र्याची लांब पट्टी) आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. बद्द आवाज आला तर टोक लावून दाबा; आत गेलं तर तिथे वेल्डिंग. जॅक लावायची जागा आणि मागच्या सस्पेन्शनचे जोड हेही याच पद्धतीने. तिथला पत्रा भुगा होत असेल तर माझं पुढचं सगळं गणित फाडून टाका आणि गाडी सरळ भंगारात द्या. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, कारण तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या रस्ता करात काही सूट मिळते.

पत्रा बरा निघाला असं धरू. तुमचं 62 हजारांचं एस्टिमेट फोडून पाहिलं तर त्यात पूर्ण बॉडी पेंटिंगचे 34 हजार, दोन दरवाजांचे 10 हजार, आणि दोन्ही रनिंग बोर्ड व फ्लोअरचं कटिंग-वेल्डिंग 18 हजार. तुमच्या कामाचे शेवटचे 18 हजार तेवढे. रंगाचे 34 हजार गेले तरी एजंट 95 चे 1 लाख 29 हजार करणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

डेंटरचे 9 हजार मात्र वाचवाच. "काही टेन्शन नका घेऊ मॅडम, नवी करून देतो" हे मीही ऐकलंय. माझ्या आधीच्या गाडीला एकाने गंजावरच पुट्टी भरून वर रंग मारला. दिवाळीत आरशासारखी दिसत होती. पुढच्या श्रावणात पुट्टीने पाणी ओढलं आणि तळहाताएवढी खपली हातात आली, मागे आरपार भोक. तसंच गंज न काढता वरून अंडरबॉडी कोटिंग मारणं. ओल आत कोंडते.

नवी गाडी? 5 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 5 वर्षं: हप्ता साधारण 10,380 रुपये, एकूण व्याज 1 लाख 23 हजारांच्या आसपास. पाच वर्षांनी गाडीचे 3 लाख आले असं धरलं तर घट आणि व्याज मिळून वर्षाला 95 हजारांच्या घरात जातात, सर्व्हिसिंग आणि विमा वेगळा. जुनी तीन वर्षं ठेवली तर वेल्डिंग, नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासोबतचा पर्यावरण कर मिळून 30 हजार धरा, म्हणजे वर्षाला 10 हजार. किरकोळ दुरुस्ती वर्षाला 25. शेवटी 25 हजारच आले असं मानलं तर किमतीतली घट वर्षाला 23. झाले 58 हजार. फरक वर्षाला सदतीस हजारांच्या आसपास. तो एका क्लच-सस्पेन्शनच्या कामात निम्मा होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

पैशात न बसणारी एक गोष्ट आहे. ड्रायव्हरची एअरबॅग प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली ती जुलै 2019 पासून. तुमच्या गाडीत नाही. वर्ध्याची फेरी रात्री होत असेल किंवा मुलगी हायवेवर एकटी चालवत असेल, तर तीन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच विचार करा. शहरातल्या कामांना तसाही सुभाषनगरहून मेट्रो आहे.

माझा कौल: 18 हजारांचं वेल्डिंग करा, तेही मे महिन्यात, पत्रा कोरडा असताना. वेल्डिंगच्या जागी झिंक प्रायमर आणि रनिंग बोर्डच्या पोकळीत आतून मेणाचा फवारा, हे दोन्ही बिलावर लिहून घ्या. ऑक्टोबरात नोंदणीची 15 वर्षं संपतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी 60 दिवसांपासून करता येतो, शुल्क 5,000 रुपये, मुदत पुढची 5 वर्षं. गाडी गिरीपेठेतल्या आरटीओत तपासणीला नेण्याआधी फ्लोअर झालेलं असावं. एकूण खर्चाची रेघ 30 हजारांवर मारा. लिफ्टवर आकडा त्यापुढे गेला तर गाडी विका, आणि एजंटकडून फॉर्म 29 व 30 भरून नाव बदलून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

एफडीला हात लावू नका. महिन्याला 8 हजारांची आरडी सुरू करा. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत 3 लाख 18 हजारांच्या आसपास जमतील आणि मग गाडीच्या साधारण निम्म्या किमतीचंच कर्ज लागेल.

विम्याचं. एवढ्या जुन्या गाडीला मी एरवी फक्त थर्ड पार्टी घ्या म्हणतो, कारण दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर क्लेममध्ये 50 टक्के घसारा कापतात आणि गंज तर विम्यात बसतच नाही. पण पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्येच, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यातच बसतं, आणि तुमचा पत्ता अंबाझरी लेआउट आहे. तो हप्ता भरत राहा.

आणि कूलरच्या ट्रेला पाइप लावून पाणी कुंड्यांत सोडा. होळीच्या आधी.