दोन ढाली आणि एक पळी

प्रश्न : सराफ बाजारात चांदीच्या मोडीत एक नाणं मिळालं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला ढाल-भाले घेतलेले दोघे उभे. विकणारा रोमन म्हणतो. खरं आहे का? उजळवून घेऊ का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं : उजळवू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नको. दोन हजार वर्षांत चांदी आतून ठिसूळ होते, कडेला दाबली तरी तुकडा पडतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून मऊ कापडावर टिपा, बस्स.

वर्णन रोमन सम्राट ऑगस्टसच्या ‘दिनारियस’चं, म्हणजे चांदीच्या नाण्याचं दिसतं. दोघे म्हणजे गायस आणि ल्युसियस, त्याचे नातू, ज्यांना त्याने दत्तक घेतलं होतं. इ.स.पू. 2 पासून हे नाणं लुग्दुनम, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँ, इथे पाडलं गेलं. भारतात, विशेषतः दक्षिणेत, ते बरंच सापडतं. ढालींच्या वर मध्ये भिंगाने पाहा : एक पळी आणि वाकड्या टोकाची काठी दिसायला हवी. ही पुरोहितांची उपकरणं. अक्षरांत ‘यू’ नसतो, त्याजागी ‘व्ही’ असतो. गोल बुडाचा ‘यू’ दिसला की नाणं परत करा. अक्षरं नुसत्या रेघोट्या असतील, तर मात्र ते भारतातच पाडलेलं जुनं अनुकरणही असू शकतं. तेही जपण्यासारखंच.

वजन साधारण 3.7 ते 3.9 ग्रॅम. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण पेल्याला टेकू देऊ नका. 3.80 ग्रॅमच्या नाण्याला काटा 0.36-0.37 दाखवेल. 0.42 किंवा त्याहून जास्त दाखवला तर तांबं-पितळ समजा. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, तेव्हा हलवून पुन्हा घ्या. चांदीच्याच ओतीव नकला या परीक्षेत पास होतात, म्हणून कडेवर साच्याची रेघ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे शोधा. पाडलेल्या नाण्यात ते नसतात.

प्रश्न : नहपानाच्या नाण्यावरचं डोकंही रोमनच वाटतं. फरक कसा करावा?

उत्तर : नहपान हा क्षत्रप राजा. त्याच्या नाण्यावर ग्रीक अक्षरांची किनार असते, पण मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी-खरोष्ठी लिपी. वजनही बरंच कमी, सव्वादोन-अडीच ग्रॅम. नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या 1906 मधल्या साठ्यात अशी 13 हजारांवर नाणी निघाली. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. तिरप्या उजेडात धरलं तर त्या ठशातल्या डोंगराच्या कमानींखालून नहपानाचं नाक डोकावतं.