गावच्या देवळाच्या स्मरणिकेत दंतकथा आणि इतिहास एकत्र लिहावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय आणि स्मरणिकेतला 'गावाचा इतिहास' तुमच्या गळ्यात पडलाय. हाताशी आहे परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण निर्माण केलं ही कथा, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधल्याची कथा आणि कुणीतरी आणून दिलेली एका ताम्रपटाची झेरॉक्स. हे सगळं एकात एक गुंफावं, की दंतकथा गाळून टाकाव्यात?

गाळू नका. पण गुंफूही नका. हे मी हात पोळून घेतल्यावर सांगतोय.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या स्मरणिकेत हाच लेख मी लिहिला होता. आमच्या देवळाच्या घाटीत एक गधेगाळ उभा आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दिलेलं दान जो मोडेल त्याला आईवरून दिलेली शिवी, दगडात कोरलेली. गावात मात्र त्याची गोष्ट वेगळीच: धोब्याने देवीचं वस्त्र हरवलं, देवीने शाप दिला, धोबी त्याच्या गाढवासकट दगड झाला. बायकांनी तिकडे बघायचं नाही असा दंडक होता, त्यामुळे आमच्या आजीने सत्तर वर्षं त्या वाटेने मान फिरवून ये-जा केली. मी लिहिलं, 'हा दगड शिलाहार काळातला असावा. असाच एक गधेगाळ अलिबागजवळ आक्षीला आहे, त्यावरच्या मराठी लेखात शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा काळ वाचला जातो.' (शिलाहार म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी कोकणावर राज्य करणारं घराणं.) दोन वाक्यं. दोन्हीत चूक काही नाही.

पुढे देवळाला रंग काढला तेव्हा दाराशी फलक लागला: 'श्री देवी मंदिर, शिलाहारकालीन, स्थापना इ.स. १०१२.' 'असावा' गळाला, आक्षी गळालं, दगडाचं देऊळ झालं. आता शाळेची पोरं निबंधात तेच लिहितात आणि खाली संदर्भ म्हणून माझंच नाव टाकतात. धोब्याची गोष्ट मी 'अंधश्रद्धा' म्हणून लेखातून वगळली होती. तिच्या जागी माझी दंतकथा बसली, आणि हिला तर वर सन चिकटलेला.

हे फक्त आमच्या गावातच होतं असं समजू नका. विजयदुर्गाला गेलात तर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने इथूनच हेलियमचा शोध लावला. त्या तारखेला तिथे जागतिक हेलियम दिवससुद्धा साजरा होतो. आता कागद बघा. या शोधात लॉकियरबरोबर ज्याचं नाव घेतात तो यान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ त्या ग्रहणाच्या वेळी आंध्रात गुंटूरला होता, आणि लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. त्याने आपलं निरीक्षण दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, लंडनमधून केलं, तेही ग्रहणाशिवाय. मग विजयदुर्गाचं काय? तर लॉकियर तिथे आला होता, अगदी खरा, ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना मदतीला घेऊन. पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला! तोवर रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये प्रयोगशाळेत हेलियम पकडलासुद्धा होता. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, ग्रहण खरं, शोध खरा. मधली तीस वर्षं तेवढी गडप झाली. हे सगळं छापखाने आणि तारयंत्र असलेल्या काळातलं आहे, म्हणून पुराणं लिहिणाऱ्यांना फार हसू नये असं मला वाटतं.

आता तुमच्या परशुरामाकडे येतो. यात लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणणार, 'सगळं थोतांड.' दुसरा म्हणणार, 'विज्ञानाने सिद्ध झालंय, समुद्र खरंच मागे हटला होता.' दुसऱ्याला आधी उत्तर देतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. नंतर बर्फ वितळलं आणि पाणी वर आलं. म्हणजे मोठा हिशोब मांडला तर आपल्या किनाऱ्यावर समुद्र पुढे आलाय. जमीन मिळालीय ती खाडीच्या मुखाशी, गाळ भरून, तीही तुकड्या-तुकड्याने. तेव्हा विज्ञानाला साक्षीला बोलावायच्या भानगडीत पडू नका, साक्ष उलटते.

पण 'थोतांड' म्हणणाऱ्यालाही माझं एक विचारणं आहे: ही कथा कधीपासून सांगतात? कारण परशुरामाची तारीख काढता येत नसली तरी कथेची काढता येते. महाभारताच्या शांतिपर्वात आहे, की सगळी पृथ्वी दान दिल्यावर परशुरामाला राहायला जागा उरली नाही, तेव्हा सागराने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला. शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. गंमत बघा, इथे बाण नाहीच, समुद्र आपणहून जागा करून देतो. कालिदासाच्या रघुवंशात रघूचं सैन्य अपरान्तावर, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, उतरतं तेव्हा कवी म्हणतो की रामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, अस्त्राने दूर लोटलेला समुद्र जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन चिकटलाय. इथे अस्त्र आलं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट वाचकाला इतकी पाठ होती की कवीने नुसता इशारा केला तरी पुरत होता. खाली केरळात गेलात तर तीच कथा, फक्त बाणाऐवजी परशू फेकलेला.

आणि मग नाशिकच्या लेण्यातला तो शिलालेख, जो मला या सगळ्यात फार आवडतो. नहपान या शक क्षत्रप राजाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यात शोर्पारगातल्या, म्हणजे शूर्पारकातल्याच, रामतीर्थाचं नाव आहे, आणि दान काय, तर बत्तीस हजार नारळाची झाडं! इकडे महाभारताच्या वनपर्वातली तीर्थांची यादी सांगते, की जामदग्न्य, म्हणजे परशुराम, राहतो त्या शूर्पारकाला जावं आणि रामतीर्थात स्नान करावं. पोथी आणि दगड इथे एकमेकांना भेटतात. आता परशुराम झाला की नाही यावर तुम्ही-मी काहीही मत ठेवू, पण एकोणीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्यात रामाच्या नावाचं तीर्थ होतं, तिथे साधू राहत होते आणि एका परक्या घराण्यातला जावई त्यांना नारळीची झाडं दान देत होता, हा इतिहास आहे. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे सापडले, एक १८८२ला आणि दुसरा १९५६ला. म्हणजे बंदर त्याहूनही जुनं.

समुद्राकडून जमीन घेण्याची कथा आपल्याकडेच का रुजली असेल, यावर माझा एक तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्या, फलकावर लावू नका. आमची थोडी खारजमीन आहे, खाडीला बांध घालून केलेली. आजोबा दर वर्षी बांधाला चिखलाची ढेपळं लावायचे, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी नीट बसतेय का ते हात घालून बघायचे, आणि उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर जाऊन बसायचे. एक खेकड्याचं बीळ मोठं झालं की सकाळी भातात खारं पाणी. समुद्राला हटवणं हे कोकणात रोजचं काम आहे. अशा लोकांना 'एकाने एका बाणात हटवला' ही गोष्ट किती बरी वाटत असेल!

पांडवांचं प्रकरण यापेक्षा सोपं आहे. आमचे गुरवकाका सांगायचे, "पांडवांनी एका रात्रीत बांधलनी, कोंबडा आरवला नि कळस रायला." कोकणात कळस राहिलेली, कोंबडा आरवलेली देवळं किती, याची मोजदाद नाही. संगमेश्वरच्या कर्णेश्वराच्या देवळालाही हीच कथा. सड्यावरची कातळशिल्पंसुद्धा काही गावांत पांडवांच्याच नावावर आहेत. मी याचा अर्थ एवढाच लावतो: 'बांधणारा आमच्या आठवणीच्या पलीकडचा आहे, आणि आम्ही कुणी हे बांधलेलं नाही.' ही माहिती प्रामाणिक आहे. ती तशीच लिहा.

आता तुमच्या हातातला ताम्रपट. खरी पंचाईत इथे आहे, कारण कागदावर आलं की आपण डोळे झाकतो. शिलाहारांचे ताम्रपट उघडलेत तर सुरुवातीला वंशावळ येते आणि ती जीमूतवाहनापासून निघते. जीमूतवाहन म्हणजे नागाला वाचवायला स्वतःला गरुडापुढे टाकणारा विद्याधर. त्याच पत्र्यावर, थोडं खाली, त्याच अक्षरात, गावाचं नाव, चतुःसीमा, शक, तिथी. आपलं मूळ ते तगरपुराचं, म्हणजे आजच्या तेरचं, सांगतात. ते कदाचित खरंही असेल, पण त्याच्या शेजारी विद्याधर उभा आहे! ताम्रपट म्हणजे सातबारा आणि पोवाडा एकाच पत्र्यावर. सातबारा विश्वासाने वाचा, पोवाडा पोवाड्यासारखा वाचा.

कशेळीचं उदाहरण घ्या. तिथल्या कनकादित्याची, म्हणजे सूर्यदेवाची, कथा तुम्हाला ठाऊक असेल: सौराष्ट्राकडून सूर्यमूर्ती घेऊन चाललेलं गलबत कशेळीसमोर अडलं, नाखव्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली तेव्हा ते हललं, मग कनका नावाच्या भाविणीला, म्हणजे देवळाच्या सेवेतल्या बाईला, दृष्टांत झाला. सांगणारे कधी यात अल्लाउद्दीन खिलजीची स्वारीही घालतात. आणि कशेळीचा ताम्रपटही आहे, कोल्हापूरच्या शिलाहार दुसऱ्या भोजाचा, शके १११३ म्हणजे इ.स. ११९१चा. त्यात कशेळी गाव ब्राह्मणभोजनासाठी दिल्याची नोंद आहे. खिलजीची फौज गुजरातेत आली १२९९ला, म्हणजे ताम्रपटानंतर शंभरावर वर्षांनी. गलबताची कथा एका परिच्छेदात, ताम्रपट दुसऱ्यात, आणि मध्ये साधं 'याखेरीज' घातलंत तर दोन्ही आपापल्या जागी शोभतात. 'त्यानुसार' घातलंत की ताम्रपट गलबताचा पुरावा होऊन बसतो. एका शब्दाचा खेळ आहे.

उलटंही होतं बरं. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळाची एक गोष्ट आहे: एका हत्तीवरून पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी, मराठी आरमाराचे आंग्रे आणि अंजनवेलचा सिद्दी सात यांच्यात बेबनाव झाला आणि १७२७ला सिद्दीने देऊळ लुटून उद्ध्वस्त केलं. वाटणार ना, कीर्तनकाराने रचलेली? पण त्या हत्तीबद्दलचा पत्रव्यवहार आहे. पुढे १७३६ला रेवसजवळच्या लढाईत चिमाजी अप्पांनी सिद्दी साताला मारलं. तेव्हा ऐकायला अद्भुत वाटतं म्हणून एखादी गोष्ट पुराणात ढकलू नका.

लिहायचं कसं, हे शेवटी थोडं. प्रत्येक वाक्यात सांगणारा हजर ठेवा. 'गुरव सांगतात', 'ताम्रपटात लिहिलंय', 'मला वाटतं', या तीन माणसांना एकाच वाक्यात बसवू नका. कथा सांगताना 'म्हणे' दर ओळीला नको, वाचणाऱ्याची मजा जाते. एकदा सुरुवातीला सांगा आणि मग गुरवाच्या तोंडून पूर्ण रंगवून सांगा, कोंबड्यासकट. सन लिहाल तिथे तो कशाचा सन आहे ते त्याच वाक्यात लिहा, आणि दुसरीकडच्या दगडाचा सन आपल्या दगडाला लागून पुढच्याच वाक्यात नको. माझा घात पुढच्या वाक्याने केला. आणि कथेत एखाद्या जातीला, वाडीला किंवा मानकऱ्याला खाली दाखवलेलं असेल, तर ती कथा गावात आणखी कोण कशी सांगतं ते विचारून घ्या. सह्याद्रिखंड या कोकणच्या पुराणग्रंथातही कुणाला चढवणाऱ्या आणि कुणाला उतरवणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या कथा आहेत, आणि त्यांवरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत.

पण हे सगळं लेखाचं झालं, त्याला वेळ आहे. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. जीर्णोद्धार चाललाय म्हणता, म्हणजे ठेकेदार आलाच असेल. आवारातले जुने दगड, वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, पायरीला उलटा बसवलेला एखादा कोरीव तुकडा, सगळ्यांचे फोटो आजच काढा, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. ऑइलपेंट लागायच्या आधी. आणि गुरवाच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे फोन ठेवून त्यांना बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. आमचे गुरवकाका मी स्मरणिका छापल्यानंतर दोन वर्षांनी गेले. धोब्याची गोष्ट त्यांनी सांगितली तशी आता कुणालाच येत नाही. मी तर तेव्हा लिहूनच घेतली नव्हती.