अमेरिकेत सरकारी जंगलाच्या उत्पन्नातून काउंटीला नक्की किती मिळतं?

तुम्ही विचारलंय की ओरेगन राज्यातल्या काउंट्यांत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांत) एवढं सरकारी जंगल, त्यावर मालमत्ता कर लागत नाही; बदल्यात लाकडाच्या पैशात वाटा मिळतो, तरी तिजोरीत खडखडाट का?

आधी जंगल कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो.

फॉरेस्ट सर्व्हिसचं, म्हणजे केंद्राच्या वनखात्याचं, राष्ट्रीय वन असेल तर 1908 चा कायदा लागू होतो: उत्पन्नाचे 25 टक्के, आणि 2008 पासून तेही मागच्या सात वर्षांच्या सरासरीवर. हिशेब काउंटीवार नसतो, वनवार असतो. समजा एका वनाची सरासरी 40 लाख डॉलर, म्हणजे वाटा 10 लाख. त्या वनाचं 30 टक्के क्षेत्र तुमच्या काउंटीत असेल तर 3 लाख तुमचे, मग झाडं शेजारच्या काउंटीत का तोडलेली असेनात. खर्च फक्त रस्ते आणि शाळांवर. ओरेगनमध्ये सव्वादोन लाख रस्त्यांना, 75 हजार शाळांना. शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) पगाराला यातला छदामही नाही.

पश्चिम ओरेगनच्या 18 काउंट्यांत ‘ओ अँड सी’ जमिनीही आहेत: ओरेगन अँड कॅलिफोर्निया रेल्वेला दिलेल्या, 1916 मध्ये सरकारनं परत घेतलेल्या. 1937 च्या कायद्याखाली यांच्या लाकडाचा निम्मा पैसा प्रत्यक्षात काउंटीला मिळतो आणि तो कशावरही खर्चता येतो. शेरीफ, तुरुंग, वाचनालयं त्यावरच चालायची, म्हणून कर नगण्य ठेवले गेले. जोसेफिन काउंटीचा मालमत्ता कराचा कायम दर हजार डॉलर मूल्यांकनामागे जेमतेम 59 सेंट. 1990 मध्ये याच जंगलांत राहणारं ठिपकेदार घुबड संरक्षित यादीत गेलं, लाकूडतोड कोसळली. आणि 1997 च्या ओरेगनच्या राज्यघटना दुरुस्तीनं तो दर गोठवला. आता जादा कर हवा तर मुदतीपुरता, तोही मतदारांना विचारून. 2007 मध्ये जॅक्सन काउंटीची पंधराही वाचनालयं बंद पडली होती, ती याच ओढाताणीत.

2000 च्या ‘सिक्युअर रूरल स्कूल्स’ कायद्यानं तोडीशी संबंध नसलेली रक्कम दिली, पण मुदतीची. मुदत टळली की गाडी परत 25 टक्क्यांवर. हा पैसा कायमच्या पगारांत धरणं मला तरी आत्मघातकी वाटतं.

1976 पासूनचं ‘पिल्ट’ (करमुक्त सरकारी जमिनीच्या बुडालेल्या कराबदली मिळणारं) अनुदान थोडी भर घालतं, पण काउंटीनं स्वतःकडे ठेवलेला वनवाटा पुढच्या वर्षी त्यातून वजा होऊ शकतो. शिवाय ते काउंटी सरकारला मिळतं. शाळांची तूट त्यानं आपोआप भरत नाही.

आणि राष्ट्रीय वनातलं लाकूड ‘स्टुअर्डशिप’ (जंगलाच्या देखभालीच्या) करारानं विकलं असेल, तर त्याचे पैसे जंगलाच्याच कामात वळतात. ते 25 टक्क्यांच्या हिशेबात धरतच नाहीत. ट्रक भरभरून ओंडके जाताना दिसतात, काउंटीच्या खात्यात मात्र शून्य.