अणुव्रत, अनुव्रत आणि चमकातलं ‘अणवश्च मे’

प्रश्न असा: ‘अणुव्रत लिहायचं की अनुव्रत? आणि अणुव्रत आंदोलन म्हणायचं की चळवळ?’

अणुव्रत. ण बाणाचा. अणुव्रत म्हणजे जैन गृहस्थाने घ्यायचं छोटं व्रत. निवेदकांच्या तोंडी ‘अनुव्रत’ इतकं बसलंय की आता निमंत्रणपत्रिकांवरही तेच दिसतं. अनुव्रत हा शब्द संस्कृतात आहे, पण वेगळा. अथर्ववेदात ‘अनुव्रतः पितुः पुत्रः’ असं आहे, म्हणजे बापाच्या वळणाने चालणारा मुलगा. बारशाला ठेवा हवं तर.

घोळ प्राकृतामुळे होतो. अर्धमागधी रूप अणुव्वय, आणि तिथे ‘न’चा सर्रास ‘ण’ होतो. मग काही विद्वान म्हणतात, मुळात ‘अनु’च असेल, महाव्रतांच्या, म्हणजे साधूंच्या संपूर्ण व्रतांच्या, मागून येणारं ते अनुव्रत. त्यांनी तत्त्वार्थसूत्र या जैन सूत्रग्रंथाचा सातवा अध्याय उघडून बघावा. ‘देशसर्वतोऽणुमहती’, अंशतः विरती (हिंसेसारख्या पापांपासून दूर राहणं) ती अणु, संपूर्ण विरती ती महत्. महत् शब्दाची जोडी अणूशी लागते. ‘अनु’ला तिथे जागाच नाही.

दुसरे अणुबॉम्बवाले, म्हणजे हा शब्द बॉम्बच्या अणूवरून आला म्हणणारे. जैन आचार्य तुलसींनी 1 मार्च 1949 रोजी राजस्थानात सरदारशहरला अणुव्रताची चळवळ सुरू केली. हिरोशिमा ताजंच होतं, आणि 1950 मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ने तर ‘अ‍ॅटॉमिक व्हाउ’ असाच मथळा दिला. म्हणून शब्द काही बॉम्बनंतर घडत नाही. श्रावकाची, म्हणजे जैन गृहस्थाची, पाच अणुव्रतं जैन आगमग्रंथांइतकी जुनी आहेत. तुलसी श्वेतांबर तेरापंथी, कोल्हापूर-सांगलीकडचे जैन शेतकरी बहुतेक दिगंबर, पण हा शब्द दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुलसींचं नवेपण एवढंच, आणि ते थोडं नव्हे, की त्यांनी अजैनांनाही व्रतं खुली केली आणि त्यांत अस्पृश्यता, व्यसन, निवडणुकीतले गैरप्रकार आणले.

आता मुद्द्याचं. रुद्राचं चमक, म्हणजे ‘च मे’ (आणि मला) म्हणत देवाकडे मागण्याचा वेदातला पाठ, म्हणणारे रोज ‘प्रियङ्गवश्च मेऽणवश्च मे श्यामाकाश्च मे नीवाराश्च मे’ म्हणतात. तिथे कुणी देवाकडे परमाणू मागत नाही! प्रियंगु म्हणजे राळा, श्यामाक म्हणजे सावा, नीवार म्हणजे देवभात, आणि या पंगतीत बसलेला अणु म्हणजे वरीच्या जातीचं बारीक धान्य. बृहदारण्यकातल्या दहा धान्यांतही तो प्रियंगूला खेटून आहे. माझं ठाम मत, आधी दाणा, मग ‘बारीक’ हा अर्थ, आणि वैशेषिक दर्शनकार कणादांचा परमाणू त्याच्याही नंतर. कोशकार उलटं सांगतात, आधी विशेषण, मग धान्य. पुरावा म्हणून ऋग्वेदातली ‘अण्वी’ पुढे करतात, म्हणजे सोम गाळणारी बोटं. बोटांना दाण्यावरून नाव पडू शकत नाही, हे यांना कुणी सांगितलं? दाणा धरला की अणुव्रताचा अर्थही सुधारतो. महाव्रताचा तुटलेला तुकडा नव्हे, आपल्यापुरता अख्खा दाणा. सूत्रातल्या ‘देशतः’ (अंशतः) या शब्दावर बोट ठेवून मला खोडणारे आहेत. तो शब्द विरती किती ते सांगतो, अणूची व्युत्पत्ती सांगत नाही.

हां, आंदोलन. हिंदीत ते चळवळीला चालतं, मराठीत आंदोलन म्हटलं की रास्ता रोको डोळ्यांपुढे येतो. आणि हिंसक, तोडफोडीच्या कृत्यांत भाग घेणार नाही, हे अणुव्रतीच्या नियमांतच आहे. तेव्हा चळवळच लिहा.