दिव्यांच्या पाटीच्या दुरुस्तीला परवाना लागतो का?

पाटीतील बंद पडलेला दिवा बदलायला परवाना लागतो का आणि स्विच बंद केल्यावर आत हात घालणे सुरक्षित असते का, असे आपण विचारले आहे. मी अशा पाट्यांचेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नियम देशागणिक बदलतात. तरीही पाटी पुसणे किंवा त्याच प्रकारचा दिवा बदलणे आणि वायरिंगला, ट्रान्सफॉर्मरला किंवा पुरवठ्याच्या जोडणीला हात लावणे, यांत बहुतेक ठिकाणी फरक केला जातो आणि दुसऱ्या प्रकारचे काम परवानाधारकानेच करायचे असते. जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवणे लोकांना दिवा बदलण्याइतकेच साधे वाटते. पण त्यात बहुधा चोक (ट्यूबमधला प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) काढून वायरिंग फिरवावे लागते, म्हणून मी ते दुसऱ्या प्रकारातच धरतो.

स्विचवर मात्र विसंबू नका. पाटी बहुधा टायमरवर किंवा उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर चालते. त्यामुळे दिवसा ती विझलेली असते, पण आत फेज (वीज आणणारी तार) जिवंत असू शकतो. एकदा स्विच बंद असूनही माझ्या टेस्टरने फेज दाखवला, कारण कोणीतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) बसवला होता. तेव्हापासून मी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, टेस्टर आधी चालू पुरवठ्यावर तपासतो, मग पाटीत लावतो आणि शेवटी पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासून घेतो.

नियॉनची, म्हणजे वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या पाटीची, गोष्ट वेगळी आहे. एलईडीची पट्टी बहुधा 12 किंवा 24 व्होल्टवर चालते (तिच्या ड्रायव्हरला, म्हणजे दाब कमी करून देणाऱ्या डबीला, येणारा पुरवठा मात्र पूर्ण दाबाचा असतो, हे विसरू नये), तर नियॉनचा ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट देतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत त्याची मर्यादा 15,000 व्होल्ट आहे. नेहमीचा मल्टिमीटर 600 किंवा 1,000 व्होल्टपर्यंतचा असतो, म्हणून तो तिथे लावणेच धोक्याचे आहे. काचेच्या नळीच्या टोकाशी इन्सुलेटरवर काळपट, झाडाच्या मुळांसारखी रेघ दिसली, तर तिथून विजेची गळती होत आहे असे समजावे आणि पाटी चालू न करता नियॉनच्या कारागिराला बोलवावे.

झाकण लावण्यापूर्वी अर्थिंगची वायर पत्र्याला घट्ट बसली आहे का आणि पाटीच्या तळाची पाणी निचरायची भोके धुळीने बुजलेली नाहीत ना, एवढे अवश्य पाहावे.