तू किती खेळलास, असं मुलं विचारतील

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. ओहायोत, कॉलेजच्या बेसबॉल संघाचा असिस्टंट कोच झालास आणि काळजी कसली, तर मुलांसमोर स्वतःची ओळख काय करून द्यायची याची. चार मोसमांत ३१ वेळा बॅट घेऊन उभा राहिलास, उरलेला सगळा काळ बुलपेनमध्ये, म्हणजे चेंडूफेकीच्या सरावाच्या जागी, पिचरांचे (चेंडू फेकणाऱ्यांचे) चेंडू झेलत गेला.

तेच सांग. ३१ म्हणजे ३१.

मी तुझ्या वयाचा असताना हा आकडा फुगवून सांगितला होता. महिनाभरात एका पोराच्या हाती जुनं स्कोअरबुक लागलं. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर मी त्याचा स्टान्स, म्हणजे बॅट घेऊन उभं राहण्याची ढब, सुधारायला गेलो की तो मान डोलवायचा आणि स्वतःचंच करायचा. तो अख्खा मोसम मला अजून टोचतो.

तू ज्या राज्यात आहेस तिथलाच ब्रँच रिकी. ओहायो वेस्लियन विद्यापीठात शिकत असतानाच, १९०३ साली, तो तिथल्या संघाचा कोच झाला. पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, कॅचर म्हणून (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) खेळला. कॅचर बसतो त्या होमप्लेटपासून सेकंड बेस, म्हणजे धावपटूचा दुसरा टप्पा, साधारण १२७ फूट. चेंडू टाकला जाताच पुढच्या बेसकडे पळत सुटणाऱ्या, म्हणजे बेस चोरणाऱ्या, धावपटूला अडवायचं तर झेललेला चेंडू दोनेक सेकंदांत तिथे पोचावा लागतो. २८ जून १९०७ ला रिकीचा हात दुखावलेला होता, आणि वॉशिंग्टनच्या संघानं त्या एका सामन्यात त्याच्यासमोर १३ बेस चोरले! त्या वर्षी त्याची बॅटिंगची सरासरी होती .१८२, म्हणजे अगदीच कमी. त्यानंतर मिशिगन विद्यापीठात कायदा शिकता शिकता त्यानं तिथल्या संघाला शिकवलं, आणि जॉर्ज सिसलर त्याच्या हाताखाली तयार झाला. सिसलरनं १९२० च्या मोसमात २५७ हिट्स (बेसवर पोचवणारे फटके) मारल्या. तो विक्रम २००४ पर्यंत टिकला. १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला, मेजर लीगची वर्णभेदाची भिंत पुढे मोडणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला, करारबद्ध करणाराही हाच रिकी.

आता तुझ्याकडे काय आहे ते बघ. थकलेल्या पिचरचं कोपर खाली यायला लागतं, ते डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, उशिरा दिसतं. तुला ते ग्लोव्हच्या आवाजावरून आधी कळायचं: 'फट्' असा कोरडा आवाज जाऊन चेंडू मऊ बसायला लागायचा. मागच्या वर्षी तूच मला हे सांगितलं होतंस. इतकं बारीक कान देऊन ऐकणारे मी फार थोडे पाहिलेत.

पगाराबद्दल संकोच धरू नकोस. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, २०२३ पर्यंत एका असिस्टंटनं बिनपगारी राबायचं असा नियमच होता. चांगली चांगली माणसं त्यापायी खेळ सोडून गेली.

फंगो बॅटची, म्हणजे सरावात चेंडू मारून देण्याच्या हलक्या बॅटची, सवय मात्र आत्तापासून कर. रोज शंभर ग्राउंडर (जमिनीलगतचे फटके) मार, आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या, अंगावर मारू नकोस, त्याच्या उजवीकडे एक पाऊल लांब मार. तिथे पोचायला तो पाय कसा उचलतो ते बघ.

पहिली प्रॅक्टिस झाली की फोन कर. तू म्हणत होतास त्या डावखुऱ्या पिचरचे तीसेक चेंडू स्वतः बसून झेल, आणि आवाज कितव्या चेंडूला बदलला ते मला सांग.

तुझा,
काका